निळी गादी भाड्यानं आणली: यंत्र ४ दिवस, कावीळ ४७ दिवस

नाटकांचे लाईट्स करणं हा माझा धंदा. १५ वर्षं दिव्यांवर लावायचे रंगीत जिलेटिन कापतोय आणि उजेड कमी-जास्त करणारे डिमर सांभाळतोय. त्यामुळे घरात कुठलाही नवा दिवा आला की त्याच्याकडे मी आधी कारागिराच्या नजरेनं बघतो, मग बाकीच्या. आमच्या लेकीच्या काविळीसाठी घरी वापरायचं फोटोथेरपीचं, म्हणजे निळ्या उजेडानं कावीळ उतरवायचं, यंत्र भाड्यानं आणलं, तेव्हाही तसंच झालं. हा रिव्ह्यू त्या यंत्राचा आणि ते पुरवणाऱ्या सेवेचा आहे. नाव घेत नाही. तक्रारी आहेत तशी कौतुकाचीही एक बाजू आहे, आणि नावापेक्षा काय विचारून घ्यायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

आधी प्रकरण सांगतो. बाळ ३९ आठवड्यांचं, वजन ३.१ किलो, सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली, "अरे, ही पिवळी दिसतेय का बघ." मी बघितलं आणि म्हटलं, "बल्ब पिवळा आहे, सगळेच पिवळे दिसतायत." व्यावसायिक आत्मविश्वास! आमच्या खोलीत उबदार रंगाचे दिवे आहेत, ते मीच हौसेनं लावलेत. त्या उजेडात पांढरी उशीसुद्धा लोण्यासारखी दिसते. सकाळी खिडकीजवळ नेऊन तिच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं, उचललं, आणि रक्त परतायच्या आधी खालची कातडी दिसली ती चक्क पिवळी. कपाळही तसंच, छातीही तशीच. तुमच्याही घरात असे दिवे असतील तर पहिला आठवडा सरळ पांढरे लावा, किंवा बाळाला दिवसाउजेडीच बघा. तरीही डोळ्यांवर फार विसंबू नका. पिवळेपणा चेहऱ्यापासून खाली पायांकडे उतरत जातो हे खरं, पण कुठवर उतरलाय ते बघून आकडा सांगणं मुरलेल्या डॉक्टरांनाही नीट जमत नाही, सावळ्या कातडीवर तर नाहीच. रक्त तपासायचं, नाहीतर निदान कपाळावर टेकवायच्या मीटरनं मोजायचं.

चौथ्या दिवशी दुपारी, म्हणजे बाळ ९० तासांचं असताना, रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कातडी पिवळी करणारा पदार्थ, आलं १९.६. एकक मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. (काही प्रयोगशाळा मायक्रोमोलमध्ये देतात, तिथे हाच आकडा ३३५ दिसतो. घाबरू नका, १७.१ नं भागा.) इथे मला पहिल्यांदा कळलं की हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. डॉक्टरांनी एक आलेख काढला. आडव्या रेषेवर बाळाचं वय, तेही दिवसांत नाही, तासांत. १९.६ हे २४ तासांच्या बाळाला आलं असतं तर त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसूही दिलं नसतं. ९० तासांना तोच आकडा उपचाराच्या रेषेला, म्हणजे त्या वयाला जिथून उपचार सुरू करतात त्या रेषेला, लागून होता.

दोन पर्याय दिले. दवाखान्यात भरती करून डोक्यावरच्या दिव्यांखाली ठेवायचं, किंवा घरी निळी गादी आणायची. घरचा पर्याय सगळ्यांना मिळत नाही, हे आधीच सांगतो, कारण ही सेवा विकणारे फोनवर तसं सांगत नाहीत. बाळ ३८ आठवडे पूर्ण केलेलं हवं. वय निदान ४८ तास हवं. दूध नीट पीत असावं, अंगात जोर असावा, आधी फोटोथेरपी झालेली नसावी. आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नसल्यामुळे रक्तपेशी फुटतायत, किंवा जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता आहे, असं काही नसावं. आकडा रेषेच्या फार तर १ मिलिग्रॅम वर असावा. शिवाय रोज रक्त तपासता आलं पाहिजे आणि यंत्र लगेच मिळालं पाहिजे. आमची बाळंतीण आणि बाळ दोघींचा गट ओ पॉझिटिव्ह, बाकीच्या तपासण्या नॉर्मल, वजन २.९, म्हणजे पहिल्या दिवसांत जेवढं उतरतं तेवढंच. डॉक्टरांनी होकार दिला, पण बजावून. "झोपाळू वाटली, दूध ओढेनाशी झाली, रडणं चिरकं झालं, मान-पाठ मागे ताणायला लागली, तर यंत्र-बिंत्र बाजूला ठेवून सरळ इकडे या. रात्री २ वाजले तरी." बिलिरुबिन फारच वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि ते नुकसान भरून निघत नाही. हे वाक्य त्यांनी आवाज न चढवता म्हटलं. मी मान हलवली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

आता सेवा. फोनवर सांगितलं, "सर, २ तासांत यंत्र घरात." आलं ५ तासांनी. दर अर्ध्या तासानं "निघालाय, पोचतोच आहे". टीव्हीला, फ्रिजला हे चालतं. ज्या यंत्राची पहिली अटच 'उशीर न होता' अशी आहे, तिथे चालत नाही. मधल्या वेळात आम्ही दोनदा दवाखान्यात फोन केला. तिसऱ्यांदा भरतीचंच ठरवत होतो तेवढ्यात दाराची बेल वाजली. एक तारा इथेच गेला.

यंत्र म्हणजे काय तर बुटांच्या खोक्याएवढा एक डबा, त्यात एलईडी आणि पंखा. डब्यातून निघालेली बोटाएवढी जाड नळी, तिच्यात प्रकाश वाहून नेणारे बारीक तंतू. नळीच्या टोकाला चपटी गादी, साधारण उघडलेल्या वहीएवढी. त्या गादीच्या विणीतून प्रकाश बाहेर येतो. मला हे डिझाईन फार आवडलं. उष्णता डब्यात राहते आणि उजेड तेवढा गादीपर्यंत पोचतो. तासभर चालू ठेवून हात लावला, गादी गार. आमच्या धंद्यात असे दिवे कुणी दिले तर नटमंडळी घामाविना तीन अंक करतील.

बाळाला फक्त डायपर घालायचा, उघडी पाठ गादीच्या उजळ बाजूवर टेकवायची आणि वरून दुपट्यात सैल गुंडाळायचं. गादीवर पातळ आवरण असतं, ते ओलं किंवा घाण झालं की बदलायचं. तेल, क्रीम काही लावायचं नाही. प्रकाश पाठीमागे बंदिस्त असल्यामुळे आम्हाला डोळ्यांवर पट्टी लावायला लागली नाही. वरच्या दिव्यांखाली मात्र पट्टी लागतेच. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दूध पाजताना यंत्र काढावं लागत नाही. बाळ, गादी, नळी असं सगळं गाठोडं आईच्या कुशीत. नळीची लांबी दीड मीटर. खुर्ची कुठे, डबा कुठे, प्लग कुठे याचं नेपथ्य एकदा लावून घ्यावं लागतं. आम्ही डबा टेबलावर ठेवला, जाळीसमोर काही येणार नाही असा. एकदा त्याच्यावर टॉवेल पडला तर पंखा असा काही ओरडायला लागला की बाळाआधी मी दचकलो.

पहिल्या रात्रीचं दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. खोलीतले दिवे बंद. दुपट्याच्या कडांमधून निळा उजेड गळतोय, बायकोच्या हनुवटीवर खालून पडतोय. खालून निळा म्हणजे आमच्याकडे भुताचा प्रवेश. ती अर्धवट झोपेत, लेकीचा गाल बोटानं हलवतेय, कारण काविळीची बाळं दोन घोट घेऊन झोपी जातात. मी म्हटलं, "तुझा चेहरा बघवत नाहीये या लाईटमध्ये." ती म्हणाली, "मग बदल लाईट, तुझंच काम आहे ते." मी उठून कोपऱ्यातला छोटा पांढरा दिवा लावला. हे निव्वळ सौंदर्यदृष्टीनं केलं नाही. निळ्या उजेडात बाळाचा रंगच कळत नाही. पिवळं अंग निळ्यात राखाडी दिसतं. ती निळसर पडतेय की नुसती दिव्याचा रंग घेतेय, हे ठरवता यायला शेजारी साधा पांढरा दिवा पाहिजेच. माहितीपत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही.

त्याच रात्री मी शहाणपणा करून माझा लक्समीटर काढला आणि गादीवर धरला. आकडा अगदीच फुटकळ. झालं, मी पुरवठादारावर उखडलो, "हा दिवा आहे की काजवा?" खरं तर चूक माझी होती. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो त्याचं आहे, आणि निळ्याच्या बाबतीत डोळा मंद. काविळीवर काम करतो तो साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा-हिरवट पट्टा. त्याला डोळ्याची पर्वा नाही. तो मोजायचा मीटर वेगळा असतो आणि एकक लांबलचक: दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला किती मायक्रोवॅट. जोरदार फोटोथेरपी म्हणायची तर हा आकडा निदान ३० पाहिजे.

पण माझ्या चुकीच्या भांडणातून एक बरोबर गोष्ट निघाली. मी विचारलं, मग तुमच्या मीटरवर किती येतो? यंत्र आणणाऱ्या मुलाला माहीत नव्हतं. ऑफिसात माहीत नव्हतं. शेवटी रात्री ९ ला त्यांच्या सिस्टर मीटर घेऊन आल्या. गादीच्या मध्यावर २२. त्यांनी दोनदा पुसून पुन्हा धरला, २२. तंतू जुने झाले होते, नळी एका जागी वारंवार मुडपलेली दिसत होती. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि ११ च्या आत दुसरं यंत्र आलं. त्याचा मध्यावर ३८, कडांना २७. म्हणून बाळाचं धड गादीच्या मधोमध. खांदे वर सरकले की पुन्हा खाली घ्यायचं. हे आम्ही चार दिवस डोळ्यांत तेल घालून केलं.

माझी मुख्य तक्रार हीच. दिवा पेटतोय म्हणजे काम करतोय असं नसतं. मी भांडखोर नसतो तर ते २२ वालं यंत्र घरात निळं चमकत राहिलं असतं आणि आम्ही खूश. यंत्र देताना मोजलेल्या आकड्याची चिठ्ठी डब्यावर चिकटवून दिली पाहिजे. तुम्ही भाड्यानं घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तो आकडा मागा, आणि सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा.

आता सिस्टरबाईंबद्दल, कारण या रिव्ह्यूत जे काही तारे शिल्लक आहेत ते त्यांचे आहेत. रोज येऊन वजन, ताप, टाचेतून रक्त. टाच आधी कोमट कपड्यानं शेकायची, बाळ आईच्या अंगावर पीत असतानाच टोचायचं, म्हणजे रडणं अर्ध्यावर येतं. मी विचारलं, कातडीवर टेकवायचा मीटर आहे ना, मग टोचता कशाला? त्या म्हणाल्या, "उजेडानं कातडी आधी फिकी होते, रक्त नंतर. उजेड पडलेल्या जागेवर मीटर टेकवला तर तो गोड बोलतो." गोड बोलणारा मीटर! हे मी पुढे आमच्या साऊंडवाल्यालाही ऐकवलं.

कातडी फिकी होण्यावरून एक गोष्ट आठवली, ती आमच्या धंद्याची असल्यासारखीच आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मोकळ्या हवेसाठी अंगणात नेत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकं, आणि एक त्रिकोण तेवढा गडद पिवळा. त्या त्रिकोणावर चादरीचं टोक आलं होतं. म्हणजे रंगवला गेला होता तो त्रिकोण नव्हता, बाकीचं अंग धुतलं गेलं होतं. सावलीनं लावलेला शोध! त्यातून तिथल्या डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम दिव्यांचं यंत्र केलं आणि १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. ही गोष्ट ऐकून "मग उन्हातच ठेवा की" म्हणणारे आमच्याकडेही निघाले. डॉक्टरांचं उत्तर सरळ होतं: उन्हाला डिमर नाही. किती मिळतंय ते मोजता येत नाही, कातडी भाजते, उघडं ठेवलं तर बाळ गारठतं किंवा तापतं, आणि उपचाराची गरज असलेलं बाळ तेवढ्यात हाताबाहेर जाऊ शकतं.

आकडे असे उतरले. पाचव्या दिवशी संध्याकाळी १७.४. सहाव्या दिवशी १४.९. सातव्या दिवशी सकाळी १४.१, यंत्र बंद. मधल्या काळात शी पातळ आणि हिरवट झाली, ती या उपचारात होतेच. उलट ती भरपूर होणं चांगलं, कारण बिलिरुबिन त्याच वाटेनं बाहेर पडतं. बंद केल्यावर २४ तासांनी पुन्हा रक्त, कारण आकडा थोडा उसळी घेतो. आमचा १४.८ आला. सिस्टरबाई म्हणाल्या, "इतकं चालतं." त्या एका दिवसाचं भाडं सेवेनं लावलं नाही, यंत्र घरातच ठेवू दिलं. हे त्यांनी चांगलं केलं, लिहायलाच हवं.

इथवर तारे ठीक चालले होते. पण आठव्या दिवशी यंत्र गेलं आणि लेक पिवळीच.

त्यांच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलंय, '३ दिवसांत कावीळ गायब'. बायकोनं ते पत्रक फ्रिजला चिकटवलं होतं. ती दिवसातून चारदा लेकीला खिडकीपाशी नेऊन नाक दाबून बघायची. नवव्या दिवशी ती रडली. "आपण काहीतरी चुकतोय. दूध कमी पडतंय माझं." दूध कमी पडत नव्हतं. दिवसाला सहा-सात ओले डायपर, मोहरीच्या रंगाची शी, वजन रोज वर. पण पत्रकात तीन दिवस लिहिलेत आणि समोर नऊ दिवसांचं पिवळं बाळ, मग चूक आईचीच असणार ना! असं छापणाऱ्याला त्या खिडकीपाशी उभं करायला हवं होतं.

त्यात भर म्हणून दहाव्या दिवशी सेवेचा फोन. "सर, बाळ अजून पिवळं आहे का? मग आठवड्याचं पॅकेज घ्या, सवलत आहे." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. म्हटलं एकदा डॉक्टरांना विचारू. रक्तात १२.३. डॉक्टर म्हणाले, यंत्राची काही गरज नाही.

मग त्यांनी जे समजावलं ते यंत्र घ्यायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर नवव्या दिवशीचं रडणं वाचलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोटात असताना बाळाकडे लाल पेशी भरपूर असतात आणि त्या अल्पायुषी. मोठ्यांच्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, बाळाच्या ८०-९०. जन्मल्यावर त्या भराभर मोडतात आणि त्यातून पिवळं बिलिरुबिन सुटतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृतानं त्याला विरघळेल असं करून पित्तातून आतड्यात सोडायचं असतं, पण त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) जन्माच्या वेळी जेमतेम असतं. आतड्यात पोचलेलंही पूर्ण बाहेर जात नाही. शी वेळेवर झाली नाही तर त्यातला काही भाग सुटा होऊन पुन्हा रक्तात शिरतो. येणं जास्त, जाणं कमी, आणि गेलेलं परत. म्हणून बहुतेक बाळं, पूर्ण दिवसांची दहातली सहा आणि अपुऱ्या दिवसांची आठ, पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. लवकर जन्मलेल्यांत चढायलाही उशीर आणि उतरायलाही, तीनेक आठवडे धरायचे.

निळा उजेड यात काय करतो? कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूची घडी बदलतो. बदललेली घडी यकृताच्या त्या प्रक्रियेशिवायच पित्तातून आणि लघवीतून निघून जाते. म्हणजे यकृताची रांग मोठी झाली तर मागच्या दारानं माणसं सोडायची. पुढच्या दारावरचा माणूस त्यानं वेगानं काम करायला लागत नाही. तो त्याच्या वेळेनंच शिकणार. यंत्राचं काम आकडा धोक्याच्या खाली आणून ठेवण्याचं. उरलेला पिवळेपणा यकृत आपल्या गतीनं निपटतं. पत्रकातले '३ दिवस' हे यंत्राचे दिवस आहेत. काविळीचे दिवस वेगळे मोजायचे. हे दोन हिशेब एकाच ओळीत छापणं ही माझ्या मते लबाडी आहे.

चौदाव्या दिवशीही ती पिवळी होती, आणि इथे मात्र डॉक्टरांनी 'थांबू या' म्हटलं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांपलीकडे गेली (लवकर जन्मलेल्याची २१), की बाळ कितीही गुटगुटीत असो, एक तपासणी होतेच. एकूण बिलिरुबिन आणि त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतानं प्रक्रिया केलेलं, किती ते वेगळं. आमचं एकूण ११.२, डायरेक्ट ०.४. ते दुसरं १ च्या वर असतं तर गोष्ट पूर्ण बदलली असती. पित्ताच्या नळ्या बंद पडण्याचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात बाळ सुरुवातीला छान दिसतं, दूध पितं, फक्त शी फिकी पडत जाते, खडूसारखी किंवा राखाडी, आणि लघवी गडद पिवळी, डायपरला डाग पाडणारी. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया असते आणि ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. 'कावीळच आहे, जाईल' म्हणत दोन महिने काढले तर ती वेळच निघून जाते. डॉक्टरांनी मला कामाला लावलं, "रंग तुम्हाला कळतात ना? मग रोज शीचा रंग बघा." १५ वर्षांच्या अनुभवाचा इतका नेमका उपयोग आजवर कुणी केला नव्हता. रोज पांढऱ्या दिव्याखाली डायपर उघडून बघायचो. मोहरी, मोहरी, हळद, मोहरी. थायरॉइड आणि लघवीही तपासली, दोन्ही ठीक.

निष्कर्ष निघाला, आईच्या दुधामुळे रेंगाळलेली कावीळ. याचा अर्थ दूध वाईट असा नाही, कमी असाही नाही. दुधातल्या काही घटकांमुळे बिलिरुबिन बाहेर जायला वेळ लागतो. बाळ मजेत वाढत असतं आणि पिवळेपणा हळूहळू जातो, कधी कधी १२ आठवड्यांपर्यंत. पाजणं बंद करायचं नाही. वरून पाणी द्यायचं नाही, पाण्यानं बिलिरुबिन धुतलं जात नाही, उलट तेवढं दूध पोटात कमी जातं. पहिल्या आठवड्यात दूध खरंच कमी पडल्यामुळे वाढणारी कावीळ ही वेगळी. तिथे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं आणि बाळ स्तन नीट पकडतंय का ते बघणं, हाच उपाय. नावं सारखी असल्यामुळे या दोन्हींची गल्लत होते आणि मार आईला बसतो. बायकोनं हे ऐकलं, घरी आली, पत्रक फ्रिजवरून काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाजण्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली.

एकविसाव्या दिवशी ८.९. मग टोचणं बंद, नुसतं बघणं. आधी पाय उजळले, मग पोट. चेहरा पाचव्या आठवड्यात. डोळ्यांचा पांढरा भाग सगळ्यात हट्टी. ४७ व्या दिवशी सकाळी ती खिडकीकडे टक लावून पडली होती, तेव्हा बुबुळांच्या कडेला मला अखेर तो रंग दिसला ज्याला आम्ही लाईटवाले 'ओपन व्हाईट' म्हणतो. दिव्यावर एकही जिलेटिन नाही असा.

तर तारे. यंत्राला पाचपैकी चार. आकडा मोजून घेतलात तर घरच्या घरी, कुशीतल्या कुशीत होणारा उत्तम उपचार, डॉक्टरांनी घरी चालेल म्हटलं असेल तरच. सिस्टरबाईंना पाच. उशीर, २२ चा दिवा, तीन दिवसांचं पत्रक आणि दहाव्या दिवसाचा तो फोन मिळून कंपनीला दोन. सरासरी तुम्ही काढा.

यंत्र घेऊन गेले त्याच दिवशी मोबाइलवर त्यांचा मेसेज आला होता: 'बाळाची कावीळ पूर्ण बरी झाली का? होय / नाही.' मी ते ४७ व्या दिवशी उघडलं आणि 'होय' दाबलं. लिंकची मुदत संपली होती, म्हणून हे इथे लिहिलं.